आठ वर्षांची बॅटरी, दोन वर्षांचा व्हिसा

डिसेंबर उजाडला की शारजातल्या आपल्या लोकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप दोन विषयांनी भरून जातात. रुपया कुठे पोचला आणि गाडीवर ऑफर काय आहे! डिसेंबर 2025 मध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर ऐतिहासिकच होते. डॉलरने नव्वद रुपयांची रेघ ओलांडली आणि दिरहम साडेचोवीस रुपयांच्या आसपास गेला. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात यंदा एक शब्द सारखा येतो आहे, तो म्हणजे हायब्रिड. 'एक वर्षाचा विमा फुकट, सर्व्हिसिंग फुकट, पहिला हप्ता तीन महिन्यांनी', असे ऑफरचे फोटो ग्रुपवर पडतात आणि खाली लगेच प्रश्न येतो, "दादा, घेऊ का?"

हा प्रश्न विचारणारे बहुतेक शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात काम करणारे. कुणी फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, कुणी स्टोअरकीपर, कुणी स्पेअर पार्टच्या दुकानात अकाउंटंट, तर कुणी सातही अमिरातींत फिरणारा सेल्समन. खेड, दापोली, चिपळूण, माणगावची माणसे इथे पिढ्यान्पिढ्या आहेत. आता सांगली, कोल्हापूर, मराठवाड्यातली तरुण मुलेही दिसतात. ज्या स्टेडियममध्ये सचिनने एप्रिल 1998 मध्ये ते वाळूचे वादळ गाजवले, ते याच परिसरात आहे. गावच्या लोकांना आमचा पत्ता सांगायला आजही तीच खूण उपयोगी पडते.

गाडी घेणे हा इथे चैनीचा विषय कमी आणि संसाराचा जास्त. बायको-मुले आली, शाळा सुरू झाली, की उन्हाळ्यात बससाठी ताटकळणे जमत नाही. म्हणून 'हायब्रिड घ्यावी का' याचा हिशेब नीट मांडायला हवा. माझ्या मते या हिशेबात मायलेजपेक्षा मोठा एक आकडा आहे आणि तो शोरूममधल्या कुठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो. आपण इथे अजून किती वर्षे आहोत, हा तो आकडा.

हायब्रिडच का?

गावाहून पहिला प्रश्न येतो, "रात्री चार्जिंगला कुठे लावता?" तर साध्या हायब्रिडला चार्जिंग लागतच नाही. गाडीत पेट्रोल इंजिन असते, शिवाय एक मोटर आणि एक मोठी बॅटरी असते. ब्रेक मारला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ताकद विजेच्या रूपात बॅटरीत जाते, आणि गाडी सुटताना किंवा रांगेत रांगताना तीच वापरली जाते. टोयोटाने डिसेंबर 1997 मध्ये प्रियस बाजारात आणली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. 'माइल्ड हायब्रिड' नावाने विकली जाते ती गाडी वेगळी. तिची मोटर इंजिनला फक्त हात देते, एकटीने गाडी ओढत नाही, म्हणून बचतही थोडीच. तिसरा प्रकार प्लग-इन. तिला प्लग लावून चार्ज केली तरच खरा फायदा. शोरूममध्ये तिन्हींवर 'हायब्रिड' हाच बिल्ला असतो, तेव्हा यातली कुठली, हे आधी विचारून घ्यावे.

शारजात पूर्ण विजेवरच्या गाडीपेक्षा हायब्रिड सोयीची वाटते, त्याचे कारण आपली घरे. रोला, अल नहदा, अबू शगारा इथल्या जुन्या इमारतींत स्वतःचे पार्किंग मिळाले तरी नशीब. बरेच जण रात्री समोरच्या वाळूच्या मैदानात गाडी लावतात. तिथे चार्जर कुठून आणणार? सार्वजनिक चार्जर वाढत आहेत, पण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला रात्री तिथे तासभर बसणे परवडत नाही.

दुसरे कारण रस्ता. शारजात राहून दुबईत कामाला जाणारे किंवा इंडस्ट्रियल एरियातून दुबईत माल पोचवणारे दोन वाटांनी जातात. अल इत्तिहाद रोडने गेले तर अल ममझारला सालिकचा टोल. 31 जानेवारी 2025 पासून गर्दीच्या वेळेला तो चारऐवजी सहा दिरहम झाला. टोल टाळायचा तर शेख मोहम्मद बिन झायेद रोड, म्हणजे नॅशनल पेंट्सचा चौक. त्या चौकाचे नाव काढले तरी इथला माणूस सुस्कारा टाकतो. संध्याकाळी तिथे गाडी चालत नाही, सरकते. साधी पेट्रोल गाडी अशा रांगेत एसी चालू ठेवण्यासाठी इंजिन सतत जाळत असते. हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो. इंजिन मध्येच काही मिनिटे सुरू होते, बॅटरी भरते आणि पुन्हा गप्प बसते. म्हणजे जिथे साधी गाडी सर्वांत जास्त पेट्रोल पिते, तिथेच हायब्रिड सर्वांत कमी पिते. उलट रोज 120 च्या वेगाने अबुधाबी गाठणाऱ्याला तिचा फायदा बराच कमी दिसतो, कारण तिथे ब्रेकच लागत नाही.

टॅक्सीवाल्यांना हे केव्हाच कळले. दुबईत हायब्रिड टॅक्सीचा प्रयोग 2008 मध्येच सुरू झाला होता. आज दुबईत आणि शारजात रस्त्यावर हात केला की बहुतेक वेळा समोर हायब्रिड कॅमरीच उभी राहते. दिवसरात्र दोन ड्रायव्हरांच्या हाताखाली त्या गाड्या पळतात. 'हायब्रिड टिकत नाही' म्हणणाऱ्याला याहून दुसरे उत्तर द्यायला नको. पण टॅक्सी महिन्याला जेवढी धावते तेवढी आपली गाडी धावत नाही, आणि हिशेबाची खरी गोम तिथेच आहे.

पेट्रोलचा हिशेब

यूएईने 1 ऑगस्ट 2015 पासून पेट्रोलचे दर बाजाराशी जोडले. दर महिन्याच्या अखेरीला पुढच्या महिन्याचा भाव जाहीर होतो. जुलै 2022 मध्ये स्पेशल 95 लिटरला 4 दिरहम 52 फिल्सवर गेले होते, तेव्हा हायब्रिड घेणारे स्वतःची पाठ थोपटून घेत होते. 2025 च्या अखेरीला तेच पेट्रोल अडीच दिरहमच्या आसपास होते. आपण 2 दिरहम 60 फिल्स धरू.

गर्दीत साधी पेट्रोल सेडान लिटरला 11 किलोमीटर आणि हायब्रिड 20 किलोमीटर देते असे समजू. कंपनीच्या कागदावर यापेक्षा जास्त लिहिलेले असते, पण ते कागद ऑगस्टमधल्या शारजात बसून लिहिलेले नसतात. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि हायब्रिड गाडीत दहा हजार दिरहमचा फरक धरू. प्रत्यक्षात तो मॉडेलप्रमाणे कमीजास्त होईल, पण पद्धत हीच.

आता तीन माणसे घ्या. पहिला, शारजात राहतो, दुबईत जातो, महिन्याला 1,500 किलोमीटर. त्याचे महिन्याला 61 लिटर वाचते, म्हणजे सुमारे 160 दिरहम. वर्षाला सुमारे 1,900. जादा दिलेले दहा हजार वसूल व्हायला सव्वापाच वर्षे लागतील.

दुसरा सेल्समन, महिन्याला 2,500 किलोमीटर आणि तेही शहरातल्या शहरात. त्याचे महिन्याला 265 दिरहम वाचतात. त्याचे पैसे तीन वर्षांत, थोडे वर, निघतात.

तिसरा कंपनीच्या बसने कामावर जातो. गाडी शुक्रवारचा नमाज, शनिवारची खरेदी, रविवारचे मंडळ आणि मुलांचे क्लास यासाठी. महिन्याला 600 किलोमीटर. त्याचे महिन्याला 64 दिरहम वाचतात, चार माणसांच्या चहा-समोशाचे पैसे. त्याला वसुलीला तेरा वर्षे लागतील. गाडी तोवर राहील का, आणि तो तरी इथे राहील का?

पेट्रोल पुन्हा साडेचारावर गेले तर पहिल्या माणसाची बचत महिन्याला 275 दिरहमवर जाते आणि वसुली तीन वर्षांवर येते. म्हणून हायब्रिड हा एका अर्थाने पेट्रोल महागण्याविरुद्ध उतरवलेला विमा आहे. विमा घ्यायला हरकत नाही, पण विम्याला बचत म्हणू नये.

हप्त्याचा हिशेब

आपल्यापैकी थोडेच जण रोख पैसे मोजतात. इथल्या मध्यवर्ती बँकेच्या नियमानुसार गाडीच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, मुदत जास्तीत जास्त 60 महिने, आणि सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या पुढे जाता येत नाही.

समजा हायब्रिड एक लाख दिरहमची आणि पेट्रोल गाडी नव्वद हजारांची. बँक 2.5 टक्के 'फ्लॅट' व्याज सांगते. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षे मूळ रकमेवर व्याज. आपल्याकडच्या घटत्या शिलकीच्या हिशेबाने तेच साडेचार टक्क्यांच्या पुढे जाते. हायब्रिडला 20 हजार आधी भरायचे, 80 हजारांवर 10 हजार व्याज, हप्ता 1,500 दिरहम. पेट्रोल गाडीला 18 हजार आधी, 72 हजारांवर 9 हजार व्याज, हप्ता 1,350. फरक महिन्याला 150 दिरहम.

आठवते का, पहिल्या माणसाची पेट्रोलची बचत किती होती? 160. म्हणजे पाच वर्षे पेट्रोलपंपावर वाचलेले पैसे बँकेत गेले. आधी भरलेले जादा दोन हजार वेगळेच. शिवाय फुकटचे पहिले वर्ष संपले की विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीच्या टक्क्यात मोजतात, त्यामुळे महाग गाडीला तोही थोडा जास्त. थोडक्यात, कर्ज फिटेपर्यंत हायब्रिड आणि पेट्रोल गाडी जवळपास बरोबरीत धावतात. खरा नफा सुरू होतो सहाव्या वर्षी, हप्ते संपल्यावर. सहावे, सातवे आणि आठवे वर्ष ही या गाडीची कमाईची वर्षे.

हायब्रिड बॅटरीची हमीही अनेक कंपन्या आठ वर्षांपर्यंत देतात, किलोमीटरच्या अटीसह. म्हणजे गाडी आपल्याकडून आठ वर्षांची साथ मागते. आणि खासगी कंपनीतला आपला व्हिसा? तो दोन वर्षांचा.

म्हातारपण पाहायचे तर इथे या

नवी गाडी शोरूममध्ये पाहावी, पण तिचे म्हातारपण पाहायचे असेल तर आमच्या इंडस्ट्रियल एरियात यावे. इथल्या गल्ल्यांत जगभरच्या गाड्या सुट्या होतात आणि पुन्हा जोडल्या जातात. पठाणी उस्ताद, मलयाळी इलेक्ट्रिशियन, बंगाली डेंटर, आणि आता 'हायब्रिड स्पेशालिस्ट' अशी पाटी लावलेले गाळेही दिसतात. तिथे टेबलावर उघडलेली बॅटरी पाहिली की भीती निम्मी होते आणि सावधपणा दुप्पट.

जुन्या प्रियसची बॅटरी म्हणजे ओळीत लावलेले 28 डबे. एखादा डबा कमजोर झाला की सगळी बॅटरी आजारी दिसते. गाळेवाला तो एक डबा बदलून स्वस्तात काम करून देतो. गाडी पळते. पण बाकीचे 27 डबेही त्याच वयाचे असतात, सहा महिन्यांत दुसरा मान टाकतो. जुनी हायब्रिड घेताना 'बॅटरी नवीन टाकली आहे' असे कुणी म्हणाले, तर अख्खी टाकली की एक डबा, आणि बिल कुठे आहे, एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

उन्हाचा बॅटरीवर परिणाम होतोच. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड ठेवायला गाडीच्या आतलीच हवा एका जाळीतून खेचली जाते. मागच्या सीटच्या बाजूला ती जाळी दिसते. आपण तिच्यासमोर शाळेची दप्तरे, तांदळाची पोती, मुलाचे जॅकेट टाकतो. वर इथली धूळ. जाळीचा फिल्टर तुंबला की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. हा फिल्टर साफ करायला फार खर्च येत नाही, फक्त सर्व्हिसिंगला गाडी देताना आठवणीने सांगावे लागते.

दुसरी गोष्ट छोट्या बॅटरीची. मोठ्या बॅटरीखेरीज हायब्रिडमध्ये साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडी जागी होते ती तिच्यावर. इथल्या उन्हात ही बॅटरी दोन-अडीच वर्षांत थकते. आपण जुलै-ऑगस्टमध्ये महिना-दीड महिना गावी जातो, गाडी मैदानात उभी राहते आणि परत आल्यावर दरवाजासुद्धा उघडत नाही. 'हायब्रिड बिघडली' म्हणून बोंब होते, बिघडलेली असते ती छोटी बॅटरी. गावी जाताना चावी विश्वासू माणसाकडे ठेवावी आणि त्याने आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवावी. त्याचा दुसरा फायदा असा, की धूळ खात पडलेल्या गाडीवर पालिकेची नोटीसही लागत नाही.

नवी गाडी महाग वाटली की नजर जुन्या बाजाराकडे वळते. तिथे परदेशातून आणलेल्या, अपघातात सापडलेल्या आणि इथे दुरुस्त केलेल्या हायब्रिड गाड्या स्वस्तात मिळतात. रंग चकचकीत, किलोमीटर कमी. पण आखाती हवामानासाठी बनवलेली, म्हणजे 'जीसीसी स्पेक' गाडी आणि थंड देशातून आलेली गाडी यांत एसी आणि इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा फरक पडतो. विकताना किमतीतही पडतो. गाडी इथलीच असेल तर चेसिस नंबर टाकून गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या अपघातांची नोंद पाहता येते. दोन मिनिटांचे काम आहे, पण उत्साहाच्या भरात तेवढेच राहून जाते.

पाणी आणि विमा

16 एप्रिल 2024 हा दिवस शारजात राहणारा कुणी विसरणार नाही. यूएईत 75 वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस त्या दिवशी झाला. अल ऐनजवळ खतम अल शकलाला 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर. कोकणातल्या माणसाला हा आकडा जुलैतल्या एखाद्या दिवसासारखा वाटेल. पण कोकणात पाणी वाहून जायला उतार आहे, वहाळ आहेत. इथे सपाट वाळू, पाणी जिथल्या तिथे. शारजाच्या काही वस्त्यांत ते कित्येक दिवस साचून राहिले. इंडस्ट्रियल एरियातल्या गल्ल्या तलाव झाल्या आणि गाड्या सीटपर्यंत बुडाल्या.

साधी गाडी बुडाली तर सीट, वायरिंग, इंजिन असा खर्च येतो. हायब्रिडमध्ये सीटखालची बॅटरीच पाण्यात जाते आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्यांना स्वतःच्या गाडीसाठी एक फिल्सही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असला तरी नैसर्गिक आपत्तीचे कलम त्यात आहे की नाही ते पाहावे लागते. ऑफरमध्ये 'फुकट' मिळणाऱ्या विम्यात ते कलम आहे का, हे सही करण्याआधी वाचावे. आणि बुडालेल्या गाड्यांचे पुढे काय झाले? काही भंगारात गेल्या, काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. 2024 च्या आधीची जुनी हायब्रिड घेताना मागची सीट उचलून खाली गंज किंवा चिखलाची रेघ आहे का, हे बघितलेच पाहिजे.

नोकरी गेली तर

आता मूळ मुद्दा. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. कंपनीचे काम कमी झाले, मालकाने वर्कशॉप विकले, गावी आई आजारी पडली, यातले काहीही केव्हाही होऊ शकते. गाडी मात्र सुटकेसात मावत नाही.

"गाडी भारतात नेता येईल ना?" असे कुणी तरी विचारतेच. नेता येत नाही असेच धरून चाला. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवे. इथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे. शिवाय सीमाशुल्क एवढे, की त्यात गावी दुसरी गाडी यावी.

म्हणजे जाताना गाडी इथेच विकायची. कर्ज बाकी असेल तर मुल्कियावर बँकेचे नाव असते. आधी बँकेचे पैसे फेडायचे, मग बोजा उतरतो, मग गाडी दुसऱ्याच्या नावावर होते. कर्ज बाकी असलेल्या माणसाच्या खात्यात नोकरी संपल्याचा हिशेब जमा झाला की बँका सहसा ती रक्कम अडवून धरतात. घाईत विकणाऱ्याला बाजार ओळखतो. सूक अल हराजमध्ये तुमच्या बोलण्यावरून दलालाला पहिल्या पाच मिनिटांत कळते, की याचे विमानाचे तिकीट निघालेले आहे. आणि हायब्रिड चार-पाच वर्षांची झाली की घेणारा पहिला प्रश्न बॅटरीच्या हमीचा विचारतो. हमीची वर्षे जेवढी कमी उरतात तेवढा भाव खाली. ज्या वर्षांत गाडी तुम्हाला कमावून देणार होती, ती वर्षे तुम्ही दुसऱ्याला स्वस्तात देऊन जाता.

2023 पासून यूएईत नोकरी गेल्यावरचा विमा सक्तीचा झाला आहे. मूळ पगार 16 हजार दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहम भरायचे आणि स्वतःच्या चुकीशिवाय नोकरी गेली तर मूळ पगाराच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. आधार आहे, पण मूळ पगार तीन हजार असलेल्याला मिळणार 1,800. त्यातले 1,500 गाडीचा हप्ता खाऊन टाकेल. घरभाडे कशातून भरायचे?

रस्ताही बदलतो आहे

आठ वर्षांचा विचार करायचा तर रस्त्याचाही करावा लागेल, कारण हायब्रिडची बचत रस्त्यावरच्या कोंडीतून येते. एमिरेट्स रोडचे शारजातल्या अल बदीपासून उम्म अल कुवेनपर्यंत रुंदीकरण होत आहे, तीनऐवजी पाच लेन, खर्च 75 कोटी दिरहम. एतिहाद रेलची प्रवासी गाडी 2026 मध्ये सुरू करण्याचे जाहीर झाले आहे आणि शारजात स्टेशन असणार आहे. दुबई मेट्रोची नवी ब्लू लाइन 2029 साठी ठरली आहे, पण ती दुबईतच राहणार; शारजाच्या सीमेशी येऊन थांबायची मेट्रोची सवय सुटलेली नाही.

यातून कोंडी कमी होईल का? रस्ते रुंद होतात त्याहून वेगाने गाड्या वाढतात, हे आपण मुंबई-पुण्यात पाहिले आहे. त्यामुळे पुढची काही वर्षे तरी नॅशनल पेंट्सला हायब्रिडची बचत होत राहील असे मला वाटते. पण ही बचत म्हणजे काय, तेही बघा. रोज दोन-अडीच तास रांगेत बसायचे आणि त्याबद्दल सहा दिरहमचे पेट्रोल वाचले म्हणून खूश व्हायचे. तो वेळ मुलांचा होता, ते पेट्रोलच्या पावतीवर येत नाही. स्टेशन किंवा बसच्या जवळचे घर, कंपनीजवळची शाळा, शिफ्टची वेळ तासभर अलीकडे घेणे, यांतले काही जमले तर ते कुठल्याही इंजिनपेक्षा जास्त वाचवते.

आणि गावी असलेल्यांसाठी

हे वाचून पुण्या-मुंबईतले भाऊ-मेहुणे विचारतील, मग आम्ही काय करावे? त्यांचा हिशेब वेगळा आहे. 2025 च्या अखेरीला मुंबईत पेट्रोल लिटरला 103 रुपयांच्या वर होते, आपल्याकडे रुपयांत मोजले तर 64 च्या आसपास. तेच 61 लिटर मुंबईत वाचले तर महिन्याला सहा हजार रुपयांच्या वर. हायब्रिडसाठी तीन लाख जादा मोजले असे धरले, तरी चार वर्षांत वसूल. शिवाय त्यांना कुणी दोन वर्षांनी 'व्हिसा रिन्यू करायचा का' असे विचारत नाही. आठ वर्षे गाडी ठेवता येते.

कराची बाजूही समजून घ्यावी. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून 43 टक्के कर होता, तर मोठ्या एसयूव्हीवर 50 टक्के. आता दोन्ही 40 टक्क्यांवर आल्या. म्हणजे हायब्रिड थोडी स्वस्त झाली, पण मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीपेक्षा तिला मिळणारी सवलत संपली. विजेच्या गाडीवर मात्र पाचच टक्के, आणि महाराष्ट्रात ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूसारख्या रस्त्यांवर विजेच्या कारना टोलमाफी. ज्याला घरच्या आवारात चार्जर बसवता येतो आणि जो शहरातच फिरतो, त्याने तो पर्यायही बघावा.

आणखी एक बातमी इथल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी. टोयोटा किर्लोस्करने 31 जुलै 2024 रोजी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ, ऑरिक बिडकीनच्या भागात, सुमारे 20 हजार कोटींचा कारखाना आणि त्यात हायब्रिड व विजेच्या गाड्या. करार आणि कारखाना यांत अंतर असते, हे खरे. पण इथे हायब्रिडच्या बॅटरीवर हात बसवलेला तरुण उद्या पैठण रोडला काम शोधू शकेल, ही शक्यता आता हवेतली राहिलेली नाही. अशा मुलाने पाच वर्षांचे कर्ज इथे काढताना दोनदा विचार करावा.

मग घ्यावी की नाही?

महिन्याला 2,000 किलोमीटरच्या पुढे, तेही गर्दीत, फिरणे असेल आणि कंपनीत पाय रोवलेला असेल, तर हायब्रिड घ्या, जीसीसी स्पेक, शक्यतो नवी, नैसर्गिक आपत्तीच्या कलमासह विमा. पहिल्या माणसासारखे रोज दुबईला जाणे असेल तर कर्ज पाचऐवजी तीन वर्षांचे करता येते का ते पाहा. हप्ता जड होईल, पण केव्हाही निघायची वेळ आली तर गाडीची किंमत कर्जापेक्षा वर राहील. आणि गाडी शनिवार-रविवारची असेल, तर साधी, नीट ठेवलेली, तीन-चार वर्षांची पेट्रोल गाडी आणि हातात उरलेले चाळीस-पन्नास हजार दिरहम हेच बरे. साडेचोवीसच्या भावाने त्यांचे दहा-बारा लाख रुपये होतात. गावच्या घराचा स्लॅब त्यातून पडतो.

शोरूममधला माणूस मायलेज सांगेल, रंग दाखवेल, रमजानपर्यंत थांबलात तर आणखी काय मिळेल तेही सांगेल. आपण अजून किती वर्षे इथे आहोत, हे त्याला ठाऊक नाही. मुलगी दहावी इथे करणार की गावी, आईवडिलांकडे कोण बघणार, मालकाचा धंदा कसा चालला आहे, ही उत्तरे घरात बसून द्यायची असतात. टेस्ट ड्राइव्हला जाण्याआधी एका संध्याकाळी नवरा-बायकोने ती कागदावर लिहावीत आणि उत्तर पाच वर्षांच्या आत येत असेल, तर हायब्रिडचा विषय तिथेच मिटवावा.